विश्लेषण : कॉम्प्युटर तोच, फोटो तेच, तरी वेग वेगळा का? यात कंपायलरची भूमिका काय?

तुळशीचं लग्न लागलं की पुलगावसारख्या गावातल्या फोटो स्टुडिओंचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहतात. दिवसा हळद, लग्न, रिसेप्शन आणि रात्री हजार-दीड हजार फोटोंची छाटणी, रंगसुधारणा आणि एक्सपोर्ट. मग करिझ्मा अल्बमचं डिझाइन लॅबला पाठवण्याची घाई. हे सगळं काम ज्या कॉम्प्युटरवर चालतं, तो बहुतेक वेळा सात-आठ वर्षं जुना असतो आणि त्यात विंडोज १० असते.

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला दिला जाणारा मोफत आधार थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ जुन्या मशीनवर चालत नाही. त्यामुळे स्टुडिओवाल्यांना सगळीकडून एकच सल्ला मिळतोय : ‘नवीन मशीन घ्या.’ काही जण मात्र त्याच मशीनवर लिनक्स टाकून पाहत आहेत. त्यात एक गोष्ट लक्षात येऊ शकते. सॉफ्टवेअर तेच, त्याची आवृत्ती तीच, फोटोही तेच. तरी एका ऑपरेटिंग सिस्टिमवर एक्सपोर्टला लागणारा वेळ दुसरीपेक्षा वेगळा असतो. मशीन तर बदललेलं नाही. मग बदललं काय?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग ‘कंपायलर’ या शब्दात आहे. ग्राहकाला हा शब्द कधी दिसत नाही, पण त्याचं मशीन किती चालणार आणि किती थांबणार हे तोच बऱ्याच अंशी ठरवतो.

कंपायलर म्हणजे काय?

प्रोग्रॅमर जो कोड लिहितो, तो माणसाला वाचता येतो. प्रोसेसरला तो कळत नाही. त्याला फक्त आकड्यांच्या रूपातल्या अगदी बारीक सूचना कळतात. पहिल्या भाषेतून दुसऱ्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. आपण डाउनलोड करतो ती इन्स्टॉलची फाइल म्हणजे हे रूपांतर आधीच होऊन आलेला माल.

आज तीन कंपायलर सर्वाधिक वापरात आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये आणलेला जीसीसी हा लिनक्सच्या जगाचा आधार आहे. ख्रिस लॅटनर यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सुरू केलेल्या एलएलव्हीएम प्रकल्पातून पुढे ‘क्लँग’ तयार झाला. अ‍ॅपलचं सगळं काम त्यावर चालतं. तिसरा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा, व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारा.

तिन्ही एकाच कोडचं रूपांतर करतात, पण तिघांची पद्धत सारखी नसते. एकच कापड तीन शिंप्यांना दिलं तर शर्ट तिघेही शिवतील, पण बसेल तिघांचा वेगवेगळा. शिवाय प्रत्येक शिंप्याला ‘थोडं सैल ठेव’, ‘अगदी मापात शिव’ असं सांगता येतं. कंपायलरलाही अशा सूचना देता येतात. त्याच या विषयाचा गाभा आहेत.

फोटोच्या कामात याचा एवढा फरक का पडतो?

साधा हिशेब करून पाहू. २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोत २ कोटी ४० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. म्हणजे एका फोटोत ७ कोटी २० लाख आकडे. फोटो थोडा उजळ करायचा तर यातल्या प्रत्येक आकड्यावर गणित करावं लागतं. नॉइज कमी करणं, लेन्सचा दोष काढणं, त्वचेचा रंग सुधारणं अशा दहा-बारा पायऱ्या एका फोटोवर होतात.

यात प्रोसेसरला मदत करणारी एक सोय असते. शाळेतली कवायत आठवा. सर एकदाच ‘दाहिने मूड’ म्हणतात आणि अख्खी रांग वळते. प्रत्येक मुलापाशी जाऊन वेगळं सांगावं लागत नाही. प्रोसेसरमध्येही अशा सूचना असतात. एक सूचना द्यायची आणि चार, आठ किंवा सोळा आकड्यांवर एकदम काम करून घ्यायचं. यातली ‘एसएसई-२’ ही जुनी सोय एकदम चार आकड्यांवर काम करते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ साली ‘एव्हीएक्स’ आली आणि रांग आठाची झाली. २०१३ मध्ये ‘एव्हीएक्स-२’ आली. ‘एव्हीएक्स-५१२’ एकदम सोळा आकडे हाताळते.

७ कोटी २० लाख आकडे चार-चार करून घेतले तर १ कोटी ८० लाख फेऱ्या होतात, आठ-आठ करून घेतले तर ९० लाख. प्रत्यक्षात वेग दुप्पट होत नाही, कारण मेमरीतून आकडे आणायलाही वेळ लागतो. तरीही फरक जाणवण्याइतका असू शकतो. समजा एका फोटोला सहा सेकंद लागत होते आणि आता चार लागतात. एका फोटोसाठी दोन सेकंद काहीच नाहीत. पण १५०० फोटोंच्या लग्नात सहा सेकंदांच्या हिशेबानं अडीच तास जातात आणि चार सेकंदांच्या हिशेबानं १ तास ४० मिनिटं. एका लग्नामागे ५० मिनिटं वाचतात.

मुद्दा असा की, ही मोठी रांग तुमच्या प्रोसेसरमध्ये आहे म्हणून ती आपोआप वापरली जात नाही. सॉफ्टवेअर तयार करताना कंपायलरला ‘आठची रांग वापर’ असं सांगितलेलं असावं लागतं. ते सांगितलं नसेल तर आठ मुलांच्या रांगेतली चार मुलं नुसती उभी राहतात.

मग सगळ्यात वेगवान पर्यायच का निवडला जात नाही?

कारण तो निवडला तर जुन्या मशीनवर सॉफ्टवेअर उघडतच नाही. ज्या प्रोसेसरला एव्हीएक्स-२ माहीतच नाही, त्याच्यासमोर तशी सूचना आली की प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद पडतो. हळू चालणं वेगळं आणि अजिबात न चालणं वेगळं.

म्हणून सर्वांसाठी फाइल तयार करणारा माणूस सर्वात जुन्या मशीनचा विचार करतो. ६४ बिटच्या सगळ्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरमध्ये एसएसई-२ असतेच. तेवढी धरून फाइल बनवली की ती कुठेही चालते. रेडिमेड कपड्यातल्या ‘फ्री साइज’सारखं हे आहे. सगळ्यांना होतो, नीट कोणालाच बसत नाही.

इथे छोट्या गावांशी थेट जोडलेली एक गोष्ट आहे. एव्हीएक्स-२ नसलेलं मशीन म्हणजे फार जुनं मशीन, असा समज असतो. तो पूर्ण खरा नाही. २०१३ नंतरही इंटेलनं आपल्या स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉन मालिकांतल्या अनेक प्रोसेसरमध्ये ही सोय दिली नव्हती. २०२० साली आलेल्या पेंटियम गोल्ड जी६४०० मध्येही ती नव्हती. म्हणजे ज्यानं बजेट पाहून स्वस्तातलं मशीन घेतलं, तो वयानं नव्या पण क्षमतेनं जुन्या मशीनवर काम करतोय.

एकाच फाइलमध्ये दोन्ही सोयी ठेवता येत नाहीत का?

येतात. जड गणिताच्या भागाच्या दोन-तीन आवृत्त्या एकाच फाइलमध्ये ठेवायच्या : एक साधी, एक एव्हीएक्ससाठी, एक एव्हीएक्स-२ साठी. प्रोग्रॅम सुरू होताना तो प्रोसेसरला विचारतो, ‘तुला काय काय येतं?’ आणि उत्तरानुसार योग्य आवृत्ती निवडतो. जुनं मशीन अडत नाही आणि नवं मशीन वाया जात नाही.

ही निवड कोण आणि कशी करतं, यावरून मोठा वाद झालेला आहे. इंटेलचा स्वतःचा कंपायलर अशी निवड आपोआप करून देत असे. पण त्यानं तयार केलेला प्रोग्रॅम प्रोसेसरची क्षमता पाहण्याआधी तो इंटेलचा आहे का, हे पाहत असे. नसेल तर क्षमता असूनही हळू वाट धरली जाई. डेन्मार्कमधले संशोधक अ‍ॅग्नर फॉग यांनी हा प्रकार तपशिलानं मांडला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं डिसेंबर २००९ मध्ये इंटेलविरुद्ध जी तक्रार दाखल केली, तिच्यात कंपायलरचाही मुद्दा होता. ऑगस्ट २०१० मध्ये तडजोड झाली. सॉफ्टवेअर कंपन्यांना दुसऱ्या कंपायलरनं आपला माल पुन्हा तयार करून घेता यावा, यासाठी एक कोटी डॉलरचा निधी ठेवण्याची अट तिच्यात होती. कंपायलरची निवड ही बाजारातल्या स्पर्धेचाही प्रश्न असतो, हे या प्रकरणानं दाखवलं.

लिनक्स आणि विंडोज यांच्यात नेमका फरक कुठे पडतो?

यासाठी ‘डार्कटेबल’ या मोफत सॉफ्टवेअरचं उदाहरण घेऊ. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर काम करणारं हे सॉफ्टवेअर २००९ मध्ये सुरू झालं. विंडोजसाठी ते डिसेंबर २०१७ मध्ये, २.४ या आवृत्तीपासून अधिकृतपणे मिळू लागलं. त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे, त्यामुळे आत काय चाललंय हे वाचून पाहता येतं.

जीसीसीमध्ये एक सोय आहे. प्रोग्रॅमरनं एखाद्या भागावर फक्त खूण करायची, की कंपायलर त्या भागाच्या अनेक आवृत्त्या स्वतः तयार करतो आणि त्यातून निवड करण्याची व्यवस्थाही स्वतः बसवतो. डार्कटेबलच्या कर्त्यांनी जड गणिताच्या बऱ्याच भागांवर अशी खूण केलेली आहे. पण त्याच खुणेच्या व्याख्येत एक अटही आहे : ही सोय लिनक्सवरच्या नेहमीच्या व्यवस्थेसाठी चालू आणि विंडोज व मॅकसाठी बंद.

असं का? प्रोग्रॅम सुरू होताना योग्य आवृत्ती जोडून देण्याचं काम एकट्या कंपायलरचं नाही, त्यात ऑपरेटिंग सिस्टिमनंही हात द्यावा लागतो. लिनक्सच्या फाइल रचनेत आणि तिथल्या मूळ लायब्ररीत हा हात आहे. विंडोजच्या फाइल रचनेत तशी तयार सोय नाही. परिणामी, त्याच मशीनवर, त्याच कोडमधून तयार झालेल्या डार्कटेबलच्या या भागांना लिनक्सवर आठची रांग मिळते, तर विंडोजवर साध्या आवृत्तीवर भागवावं लागतं. विंडोजवर अशी निवड करता येतच नाही असं नाही, पण ती प्रोग्रॅमरला हातानं लिहावी लागते. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी माणसं असतात. फावल्या वेळात काम करणाऱ्या स्वयंसेवकांकडे ती नसतात.

विंडोजवर जीसीसी वापरण्यात आणखी एक जुनी अडचण होती. एव्हीएक्सच्या काही सूचनांना मेमरीत आकडे ३२ बाइटच्या ठरावीक मापावर मांडलेले लागतात. विंडोजच्या ६४ बिट आवृत्तीसाठी जीसीसी ही मांडणी नीट सांभाळत नव्हता आणि प्रोग्रॅम अचानक बंद पडत असे. ही त्रुटी २०१२ मध्ये नोंदवली गेली आणि बरीच वर्षं तशीच राहिली. अशा वेळी सावध माणूस काय करेल? एव्हीएक्स बंदच ठेवेल. वापरणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं की ‘विंडोजवर जरा हळू चालतंय.’

मॅकची गोष्ट तिसरीच. एका वेळी प्रोसेसरच्या सगळ्या कोअर कामाला लावण्यासाठी फोटो सॉफ्टवेअर ‘ओपनएमपी’ नावाची पद्धत वापरतात. जीसीसीसोबत ती येते. अ‍ॅपल आपल्या क्लँगसोबत तिची लायब्ररी देत नाही, ती वेगळी आणून जोडावी लागते. ती न जोडता कोणी फाइल तयार केली तर आठ कोअरचं मशीन या कामापुरतं एका कोअरवर चालेल.

म्हणून ‘लिनक्स वेगवान, विंडोज हळू’ असा सरसकट निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. हा फरक सगळ्या सॉफ्टवेअरना सारखा लागू होत नाही. फाइल कोणी, कोणत्या कंपायलरनं, कोणत्या सूचना देऊन तयार केली, हे पाहावं लागतं. याचं चांगलं उदाहरण ब्राउझरचं. क्रोम २०१८ पासून आणि फायरफॉक्सही त्याच वर्षापासून विंडोजवरसुद्धा मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरऐवजी क्लँगनं तयार होतात. सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एकच कंपायलर ठेवला की अशा तफावती कमी होतात.

फोटोशॉपचं काय?

फोटोशॉपचा मूळ कोड खुला नाही, त्यामुळे बाहेरून फक्त परिणाम दिसतात. तेही पुरेसे बोलके आहेत.

छोट्या गावांतल्या अनेक स्टुडिओंत आजही फोटोशॉप ७.० चालताना दिसतं. ते २००२ साली आलं. तेव्हा एव्हीएक्स अस्तित्वातच नव्हती, म्हणून त्या फाइलमध्ये ती असणं शक्य नाही. शिवाय ते ३२ बिटचं असल्यानं मशीनमध्ये १६ जीबी रॅम टाकली तरी त्यातला थोडाच भाग त्याला वापरता येतो. याचा अर्थ असा की, नवीन मशीन आणून त्यावर हेच सॉफ्टवेअर चालवलं, तर पैसे मोजून घेतलेल्या क्षमतेचा मोठा भाग पडून राहतो. सॉफ्टवेअर ज्या दिवशी कंपाइल झालं, त्या दिवशी त्याची समज गोठते. पुढे आलेल्या प्रोसेसरची त्याला ओळख नसते.

उलट उदाहरण अ‍ॅपलचं. २०२० च्या शेवटी अ‍ॅपलनं इंटेल सोडून स्वतःचा एम१ प्रोसेसर आणला. त्याची यंत्रभाषाच वेगळी. जुनी सॉफ्टवेअर त्यावर ‘रोझेटा २’ नावाच्या दुभाष्यामार्फत चालत होती. मार्च २०२१ मध्ये अडोबीनं खास एम१ साठी कंपाइल केलेलं फोटोशॉप आणलं आणि आधीच्या पिढीच्या तशाच इंटेल मॅकपेक्षा ते सरासरी दीडपट वेगवान असल्याचं सांगितलं. दुभाष्यालाही मर्यादा होत्या. रोझेटाला एव्हीएक्सच्या सूचना २०२४ च्या मॅकओएस सेक्वोयापर्यंत समजत नव्हत्या. आर्म प्रोसेसरच्या नव्या विंडोज लॅपटॉपमधल्या ‘प्रिझम’ या दुभाष्यालाही त्या सुरुवातीला समजत नव्हत्या. त्यामुळे असा लॅपटॉप घेताना आपलं सॉफ्टवेअर आर्मसाठी कंपाइल झालेलं आहे की दुभाष्यावर चालणार आहे, हे विचारणं गरजेचं ठरतं.

मोठ्या कंपन्या या डोकेदुखीतून वाट कशी काढतात? एक उत्तर ‘हॅलाइड’ आहे. २०१२ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत मांडलेली ही भाषा खास फोटोंवरच्या कामासाठी आहे. काय गणित करायचं हे एकीकडे लिहायचं आणि ते कोणत्या क्रमानं, किती आकडे एकदम घेऊन करायचं हे वेगळं लिहायचं. प्रोसेसर बदलला की फक्त दुसरा भाग बदलतो. हॅलाइडच्या कर्त्यांनी दिलेल्या उदाहरणात, अडोबीत हातानं बारकाईनं लिहिलेला सुमारे १५०० ओळींचा एक फिल्टर हॅलाइडमध्ये ६० ओळींत बसला आणि दुप्पट वेगानं चालला. फोटोशॉपच्या काही भागांत आणि गूगलच्या पिक्सेल फोनच्या कॅमेऱ्यात आज हॅलाइड वापरली जाते.

ग्राफिक्स कार्ड असेल तरीही हे लागू होतं का?

कमी प्रमाणात. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर जड गणित तिकडे जातं आणि प्रोसेसरमधल्या रांगेची लांबी फारशी महत्त्वाची राहत नाही. विंडोज आणि लिनक्स यांच्यातली तफावतही त्यामुळे बरीच झाकली जाते.

पण कंपायलर तिथेही सुटत नाही, फक्त त्याची जागा बदलते. ‘ओपनसीएल’ पद्धतीनं लिहिलेला कोड कंपनीत नाही तर तुमच्याच मशीनवर, ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरमधला कंपायलर रूपांतरित करतो. डार्कटेबल पहिल्यांदा सुरू होताना किंवा ड्रायव्हर अपडेट केल्यावर जास्त वेळ घेतं, त्यामागे हेच कारण असतं. एकदा रूपांतर झालं की ते साठवून ठेवलं जातं. तेव्हा ड्रायव्हर अपडेट केल्यावर ‘मशीन बिघडलं’ म्हणून घाबरायचं कारण नाही.

वेगासाठी रंगांशी तडजोड होते का?

होऊ शकते. कंपायलरला ‘गणित थोडं सैल चालेल, पण वेगानं कर’ अशी सूचना देता येते. कॉम्प्युटरमध्ये दशांश आकड्यांची बेरीज कोणत्या क्रमानं केली यावर शेवटचा अंक बदलू शकतो. ही सूचना दिली की कंपायलर सोयीनुसार क्रम बदलतो. फोटोत हा फरक बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही.

धोका दुसरीकडे आहे. शून्याला शून्यानं भागण्यासारख्या चुकीतून ‘आकडाच नाही’ असं उत्तर आलं, तर ते पकडणाऱ्या तपासण्या कोडमध्ये असतात. सैल गणितात कंपायलर ‘असं कधी होणारच नाही’ असं गृहीत धरतो आणि त्या तपासण्या काढून टाकू शकतो. मग फोटोत अचानक काळा ठिपका किंवा चौकोन दिसू शकतो. दोन मशीनवर एकाच फोटोचे किंचित वेगळे आकडे आले तर दोष कॅमेऱ्याचा किंवा मॉनिटरचाच असेल असं नाही.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का झाला?

कारण सगळीकडे किमान पातळी वर सरकते आहे. २०२० मध्ये ६४ बिट प्रोसेसरच्या क्षमतेचे चार स्तर ठरवण्यात आले. तिसऱ्या स्तरात एव्हीएक्स-२ येते. रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्सनं २०२२ च्या नवव्या आवृत्तीत दुसरा स्तर आवश्यक केला आणि २०२५ च्या दहाव्या आवृत्तीत तिसरा. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या अपडेटनंतर काही फार जुन्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही, कारण आवश्यक सूचना त्यांच्यात नाहीत.

उबुंटूनं वेगळा मार्ग घेतला. ऑक्टोबर २०२५ च्या आवृत्तीत त्यांनी जुनी पॅकेजेस ठेवून तिसऱ्या स्तरासाठी वेगळी पॅकेजेस देण्याची सुरुवात केली. उबुंटूच्याच सांगण्यानुसार यामुळे बहुतेक पॅकेजेसमध्ये वेग साधारण १ टक्का वाढतो आणि गणिताचं काम जास्त असलेल्या पॅकेजेसमध्ये त्याहून अधिक.

हा १ टक्का महत्त्वाचा आहे. रोजच्या बहुतेक कामाला नव्या सूचनांचा फायदा नगण्य आहे. खरा फायदा फोटो, व्हिडिओ यांसारख्या मोजक्या कामांत आहे. त्या मोजक्या भागांच्या दोन आवृत्त्या ठेवल्या तर जुनं मशीन बाद न करता नव्याला वेग देता येतो. ते न करता सगळीच किमान पातळी वर नेली, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं काम सोपं होतं आणि खर्च ग्राहकाच्या माथी जातो. त्यातही फटका बसतो तो स्वस्त पेंटियम-सेलेरॉन घेणाऱ्याला. नागपूर किंवा पुण्याच्या मोठ्या स्टुडिओचं मशीन तसंही तीन-चार वर्षांनी बदलतं. गावातल्या स्टुडिओत ते एका सीझनच्या कमाईतून आलेलं असतं.

महाराष्ट्रात यावर काम होतं का?

होतं, आणि ते बरंच जुनं आहे. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकारानं जीसीसी रिसोर्स सेंटर चाललं. जीसीसीची अंतर्गत रचना शिकवणाऱ्या त्यांच्या कार्यशाळांना देशभरातून विद्यार्थी आणि इंजिनीअर येत. कंपायलरच्या विश्लेषणपद्धतींवरचा त्यांचा, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यातल्या केपीआयटी कमिन्सनं रेनेसासच्या चिपसाठी जीसीसीवर आधारित मोफत कंपायलर संच अनेक वर्षं पुरवले. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत उदय बोंधुगुला आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘पॉलीमेज’ मांडला. तो खास फोटोप्रक्रियेसाठीचाच कंपायलर होता.

डार्कटेबलसारख्या प्रकल्पांना विंडोजवर काम करणाऱ्या, फाइल तयार करून तपासणाऱ्या माणसांची गरज असते. वर्धा-नागपूरच्या एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा विषय घेतला, तर त्याचा उपयोग गावातल्या स्टुडिओलाही होईल.

मग स्टुडिओवाल्यानं नेमकं काय करावं?

पहिलं, आपल्या प्रोसेसरला काय येतं ते पाहावं. विंडोजवर ‘सीपीयू-झेड’ हे मोफत सॉफ्टवेअर सूचनांची यादी दाखवतं. त्यात ‘एव्हीएक्स-२’ असेल तर मशीन अजून बऱ्याच कामाचं आहे.

दुसरं, लिनक्स थेट पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येते, हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. तेच ५० फोटो आणि तेच बदल घेऊन दोन्हीकडे एक्सपोर्ट करावं आणि घड्याळ लावावं. डार्कटेबलची आवृत्ती दोन्हीकडे एकच असावी. ग्राफिक्स कार्ड चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा मोजावं. फोटो पेनड्राइव्हवर न ठेवता डिस्कवर ठेवावेत, नाहीतर मोजणी पेनड्राइव्हच्या वेगाची होईल.

तिसरं, फोटोशॉप लिनक्सवर अधिकृतपणे मिळत नाही. अल्बमचं सगळं डिझाइन पीएसडी फाइल आणि तयार टेम्पलेटवर चालत असेल तर पूर्ण लिनक्सवर जाणं सध्या व्यवहार्य नाही. रॉ फाइलची रंगसुधारणा लिनक्सवर आणि डिझाइन विंडोजवर अशी विभागणी मात्र करता येते. जे फक्त जेपीईजीवर काम करतात त्यांना या सगळ्याचा फायदा कमी मिळेल.

चौथं, नवीन मशीन घ्यायचंच असेल तर आधी सॉफ्टवेअर बघावं आणि मग मशीन. २००२ चं सॉफ्टवेअर आजच्या प्रोसेसरवर चालवण्यापेक्षा जुन्याच मशीनवर एसएसडी, थोडी रॅम आणि नव्यानं कंपाइल झालेलं सॉफ्टवेअर हा पर्याय अनेकांना स्वस्त पडेल. विंडोज १० वरच राहायचं असेल तर सुरक्षा अपडेटची नोंदणी करून ठेवावी किंवा ते मशीन इंटरनेटपासून दूर ठेवावं.

दुकानदार कोअर, रॅम आणि गिगाहर्ट्‌झ सांगतो. त्याला आणखी एक प्रश्न विचारायला हवा : मी वापरतो ते सॉफ्टवेअर या प्रोसेसरसाठी कंपाइल झालेलं आहे का? दुकानदाराकडे उत्तर नसेल तर ५० फोटो घेऊन जावेत आणि पैसे देण्याआधी त्याच्याच काउंटरवर एक्सपोर्ट करून पाहावेत.